विद्युत्-मोटारींतील ब्रेक-ऑइल जातें कोठें?

मोटारगाडी हांकणाराच्या डोळ्यांसमोर जी फळी असते तिच्यावर केव्हां केव्हां एक तांबडें वर्तुळ उजळतें व त्याच्या पोटांत एक उद्गारचिन्ह दिसतें. बहुतेक गाड्यांत हीच खूण हँडब्रेक ओढलेला असतांहि उजळते. म्हणून पुष्कळ मंडळी ती दांडी एकदां वरखालीं करून पाहतात, आणि तरीहि दिवा विझला नाहीं म्हणजे गॅरेजकडे वळतात. तेथील मिस्त्री पुढचें झांकण उघडून एका लहानशा पांढुरक्या डबीकडे पाहतो, "ऑइल कमी झालें आहे, पॅड झिजले असतील," असें म्हणतो, बाटलींतला चार चमचे द्रव तींत ओततो, दिवा विझतो, आणि मालक समाधानानें घरीं येतो. पेट्रोलच्या गाडींत हा व्यवहार अगदींच निराधार नाहीं. विजेवर चालणाऱ्या गाडींत मात्र तो धोक्याचा आहे. आणि तो कां धोक्याचा आहे हें आमच्या वाचकांस, व विशेषतः ज्या घरीं अशी गाडी आली आहे किंवा येऊं घातली आहे त्या घरच्या मंडळींस, सांगावें म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विजेच्या मोटारी आतां अपूर्वाईच्या राहिल्या नाहींत. बंगळूरची 'रेवा' २००१ सालीं रस्त्यावर आली तेव्हां ती अनेकांस खेळण्यासारखी वाटली. पुढें जानेवारी २०२० मध्यें टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' विक्रीस आली, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें विद्युत्-वाहनांविषयीं आपलें धोरण जाहीर करून सवलती देऊं केल्या. तेव्हांपासून नांदेड-लातुरासारख्या शहरांच्या गल्ल्यांतूनहि हिरव्या पाटीच्या ह्या निःशब्द गाड्या दिसूं लागल्या आहेत. गाड्या आल्या, परंतु त्यांच्याविषयींचें ज्ञान त्याच वेगानें आलें असें म्हणवत नाहीं. गॅरेजांतील अनुभव हा पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर जमलेला, आणि अनुभव हा जितका जुना तितका तो आपल्या मर्यादा विसरावयास लावतो.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ज्यास आपण 'ब्रेक-ऑइल' म्हणतों तें ऑइल, म्हणजे तेल, मुळींच नाहीं. संस्कृतांत 'तैल' शब्द 'तिल' ह्यापासून झाला. तिळांतून निघतें तें तैल. पुढें सर्षपाचें, एरंडाचें, सर्वच तैल झालें. आणि गंमत अशी कीं, ह्या यंत्राच्या आरंभीच्या काळांत ब्रेकच्या नळ्यांतून जो द्रव भरीत त्यांत खरोखरच एरंडेल असे, त्यांत मद्यार्क मिसळून तें पातळ करीत. म्हणजे हें नांव एके काळीं खरें होतें. हल्लींचा द्रव ग्लायकॉल नांवाच्या रसायनांच्या कुळांतला आहे. तो पाण्यांत मिसळतो, तेल मिसळत नाहीं. हा शब्दच्छल नव्हे. ऑइल म्हणतात म्हणून कोणी घरांतलें इंजिनऑइल ह्या डबींत ओतलें, तर आंतील रबरी वाट्या फुगून निकामी होतात आणि सगळी ब्रेकची व्यवस्था उलगडून नवी बसवावी लागते. आम्ही ह्यापुढें लोकांच्या तोंडचाच 'ब्रेक-ऑइल' हा शब्द वापरूं, पण वाचकांनीं मनांत तेल आणूं नये.

ह्या द्रवाचें कार्य समजण्यास पास्कलचा नियम पुरे. फ्रेंच पंडित पास्कल ह्यानें सतराव्या शतकांत दाखविलें कीं, बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो. शाळेंत आम्ही हा नियम दोन पिचकाऱ्या एका नळीनें जोडून शिकवीत असूं. एक दाबली कीं दुसरीचा दट्ट्या वर येई, आणि मुलांस मोठें नवल वाटे. मोटारीचा ब्रेक म्हणजे हेंच. पायाखालचें पेडल 'मास्टर सिलिंडर' नांवाच्या मोठ्या पिचकारीस दाबतें. तेथून नळ्या चारी चाकांस जातात, आणि प्रत्येक चाकापाशीं एक एक धाकटी पिचकारी पॅडांस डिस्कवर, किंवा ड्रम असल्यास 'शू' नांवाच्या अर्धचंद्राकृति तुकड्यांस ड्रमच्या आंतल्या अंगावर दाबून धरते. माल्कम लॉगहेड ह्या अमेरिकनानें अशा ब्रेकचें पेटंट १९१७ सालीं मिळविलें आणि १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग गाडीला चारी चाकांस तो बसविला गेला. आजच्या गाड्यांत नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहावा. तत्त्व शंभर वर्षांत बदललेलें नाहीं.

आतां लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, ही व्यवस्था बंदिस्त आहे. इंजिनांतलें ऑइल थोडेंफार जळतें, रेडिएटरचें पाणी थोडेंफार उडून जातें. ब्रेक-ऑइल खर्च होण्याचें कांहींच कारण नाहीं. मग डबींतली पातळी उतरते ती कां? दोनच कारणें संभवतात. एक, द्रव बाहेर गेला. दुसरें, द्रव आंतच आहे, पण चाकापाशीं अधिक जागा व्यापून बसला आहे. पॅड झिजला म्हणजे त्यास ढकलणारा दट्ट्या तितका पुढें येऊन राहतो, त्याच्या मागें पोकळी वाढते, आणि ती भरावयास डबींतला द्रव खालीं उतरतो. हें दुसरें कारण निरुपद्रवी आहे, इतकेंच नव्हे तर पॅड बदलण्याची वेळ आल्याची ती सोयीची सूचना आहे. नवे पॅड बसविले कीं दट्ट्या मागें जातो व पातळी आपोआप वर येते. म्हणून जाणते मिस्त्री अशा वेळीं द्रव ओतीतच नाहींत, पॅड पाहतात.

आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर गॅरेजवाल्यांनीं एक व्याप्ति मनांत ठरविली आहे: जेथें जेथें पातळी हळूहळू उतरते, तेथें तेथें पॅड झिजलेले असतात. धूर आणि अग्नि ह्यांची व्याप्ति कशी बांधावी हें शिकविणारे शास्त्रकार तींत 'उपाधि' आहे कीं काय हें पाहावयास बजावून सांगत. येथें उपाधि आहे, आणि ती ही कीं गाडी पॅडांच्या जोरावर थांबविली जात असली पाहिजे. पेट्रोलच्या गाडींत ती तशी थांबविली जाते. विजेच्या गाडींत बहुतांशीं तशी थांबविली जात नाहीं.

ती थांबते कशानें? सायकलला दिव्याचा डायनॅमो टायरवर टेंकवून चालविलेली ज्यांना आठवत असेल, त्यांना हें सांगावयास नको. डायनॅमो टेंकविला कीं सायकल जड होई. पायांची शक्ति दिव्यांत जाई. विजेच्या मोटारींत चाकें फिरविणारी जी मोटर, तीच पाय सोडल्यावर डायनॅमो होते. धांवत्या गाडीचा वेग ती गिळते, त्याची वीज करून बॅटरींत परत भरते, आणि गाडी मंद होते. मुंबईच्या नव्या लोकलगाड्याहि ब्रेक लागतांना अशीच वीज वरच्या तारेंत परत पाठवितात. म्हणून शहरांतल्या रोजच्या जाण्यायेण्यांत पॅडांवर फारच थोडें काम पडतें आणि ते वर्षानुवर्षें कोरे राहतात. अशा गाडीची पातळी उतरली, तर 'पॅड झिजले असतील' हें अनुमान साधार राहत नाहीं. द्रव बाहेर जात आहे असेंच, तें खोटें ठरेपर्यंत, धरून चाललें पाहिजे.

ह्याहून कठीण गोष्ट पुढेंच आहे. मोटर ब्रेकचें काम करीत असल्यामुळें खऱ्या ब्रेकचा बिघाड ती झांकून ठेविते. पेट्रोलच्या गाडींत ब्रेक सैल झाला कीं पहिल्याच चौकांत कळतें. येथें पाय सोडला तरी गाडी मंद होत असल्यानें कित्येक आठवडे कांहींच कळत नाहीं. तें कळतें केव्हां? बॅटरी शंभर टक्के भरलेली असते तेव्हां. भरल्या घागरींत जसें पाणी मावत नाहीं, तशी भरल्या बॅटरींत वीज मावत नाहीं. म्हणून अशा वेळीं मोटरचा ब्रेक फार मंद होतो किंवा बंदच राहतो, आणि सारा भार त्या विसरलेल्या पॅडांवर येतो. एकाएकीं एखादें जनावर आडवें आलें व पेडल जोरानें दाबावें लागलें तरीहि तेंच.

आमचे जामात नांदेडास असतात. त्यांनीं २०२० सालच्या बनावटीची एक विजेची गाडी जुनी घेतली. कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. गेल्या पावसाळ्यांत अडीच महिन्यांत तीन वेळां तो तांबडा दिवा लागला, आणि तिन्ही वेळां तेथील एका गॅरेजांत डबी भरून देण्यांत आली. पुढें बायकामुलांसह ते आमच्याकडे लातुरास आले. रात्रभर गाडी आमच्या अंगणांत वीज पीत उभी होती. लातूर बालाघाटाच्या माथ्यावर, नांदेड गोदावरीच्या कांठीं. चाकूर, अहमदपूर, माळेगांव, लोहा असा सव्वाशेंहून अधिक किलोमीटरांचा तो रस्ता एकंदरीनें उतरतच जातो. सकाळीं मंडळी निघालीं. गाडी आमची कन्या चालवीत होती. शहराबाहेर पडण्यापूर्वींच एका वळणावर पुढची रिक्षा थबकली, तिनें ब्रेक दाबला, आणि पेडल नेहमींपेक्षां फार खालीं गेलें. गाडी थांबली, पण हातभर अंतर राखून. पुढें नांदेडपर्यंत जाऊन मग पाहूं, असें न म्हणतां तिनें तेथूनच गाडी वळविली, हें तिनें फार शहाणपणाचें केलें.

घरीं आल्यावर जामात म्हणाले, "अहो नाना, गॅरेजवाल्यांनीं तर पॅडच झिजले म्हणून सांगितलें होतें."

"मग जांवईबापू, पॅड किती उरले आहेत तें मोजलें कीं नाहीं त्यांनीं?"

मोजले नव्हते. चाकच कोणी काढलें नव्हतें. तेव्हां कागद-पेन्सिल घेऊन आम्हीं हिशेब मांडला, आणि तो येथें देतों, कारण कोणत्याहि घरीं तो करतां येण्यासारखा आहे. पुढच्या चाकाच्या दट्ट्याचा व्यास साधारण ५ सेंटिमीटर धरला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर होतें. एका चाकाचे दोन्ही पॅड एकेक मिलिमीटर झिजले तर दट्ट्या २ मिलिमीटर पुढें येतो, आणि मागील पोकळी ४ घनसेंटिमीटरांस किंचित् कमी इतकी वाढते. पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून ८ घनसेंटिमीटर. म्हणजे चहाचे दीड चमचे. जामातांनीं ओतविलेला द्रव अडीचशेंच्या बाटलीचा तिसरा हिस्सा, सुमारें ८० घनसेंटिमीटर होता. तितकी पोकळी होण्यास पुढचा प्रत्येक पॅड १० मिलिमीटर झिजला पाहिजे. नव्या पॅडाच्या अस्तराची जाडीच साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. अडीच महिन्यांत अख्खे पॅड नाहींसे झाले असते, तर लोखंडावर लोखंड घांसून गाडीनें सगळी गल्ली जागी केली असती. ह्या हिशेबानंतर पॅडांचा विषय संपला, आणि द्रव कोठें गेला हा एकच प्रश्न उरला.

आमच्या कन्येनें ह्याच वेळीं एक गोष्ट सांगितली. "नाना, हँडब्रेक हल्लीं दोन दांत अधिक ओढावा लागतो, आणि आमच्या घराजवळच्या उतारावर गाडी तरीहि जराशी सरकते." ही गोष्ट तिनें गॅरेजांतहि सांगितली होती, पण दिव्याशीं तिचा संबंध कोणी जोडला नव्हता. ह्या गाडीला पुढें डिस्क व मागें ड्रम आहेत, आणि हँडब्रेकची तार मागच्या ड्रमांतील शूंनाच ओढते. म्हणजे शोध मागच्या चाकांपासून आरंभावा हें उघड झालें.

लातुरांत आमचा एक जुना विद्यार्थी मोटारदुरुस्तीचें काम करतो. त्यानें हात लावण्यापूर्वीं ज्या सावधगिऱ्या घेतल्या त्या सांगण्यासारख्या आहेत. गाडी पूर्ण बंद करून चावी त्यानें घरांत ठेवावयास दिली, कारण अशी गाडी चालू आहे कीं बंद हें कानांस कळत नाहीं. जॅक त्यानें कंपनीनें नेमून दिलेल्या जागींच लाविला. ह्या गाड्यांची बॅटरी तळाशीं पसरलेली असते, आणि जॅक भलत्या ठिकाणीं लागला तर ती चेपते. नारिंगी वेष्टनाच्या तारा जबर दाबाच्या विजेच्या असतात, त्यांच्या जवळपासहि तो गेला नाहीं. चाकाच्या कामांत त्यांचा संबंधच येत नाहीं. मग पुढचीं चाकें काढून त्यानें पॅड मोजले. "गुरुजी, पॅड तर कोरे आहेत, नऊ मिलिमीटर भरतात. नळ्याहि कोरड्या." मागचें उजवें चाक काढलें, तेंहि कोरडें. डावें चाक काढून त्यानें तें पालथें केलें तेव्हां टायरच्या आंतल्या अंगावर एक काळपट, धूळ चिकटलेली ओलसर पट्टी दिसली. बाहेरून ती कोणास दिसण्यासारखी नव्हती. आणि नांदेडास गाडी मुरुमाच्या अंगणांत उभी असल्यामुळें खालीं पडलेले थेंबहि मुरुमानें पिऊन टाकले होते.

ओलावा दिसला म्हणजे तो ब्रेक-ऑइलचाच असें नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. थंड हवेच्या यंत्रांतून पावसाळ्यांत स्वच्छ पाणी ठिबकतें. बॅटरी थंड ठेवणारा द्रव बहुधा रंगीत असतो. ब्रेक-ऑइल बोटांत चोळलें तर बुळबुळीत लागतें, रंगानें फिकट पिंवळें किंवा जुनें असल्यास चहासारखें दिसतें, आणि पाण्यानें धुतलें कीं साफ जातें. खरें तेल पाण्यानें जात नाहीं. बोटें मात्र लगेच साबणानें धुवावीं, व गाडीच्या रंगावर थेंब पडल्यास त्याच क्षणीं पाणी ओतावें, कारण हा द्रव रंग खातो.

गंजानें धरून ठेविलेला ड्रम महत्प्रयासानें निघाला. आंत शू द्रवांत भिजून काळे झाले होते. त्यांत चिखलासारखा थर बसला होता. शूंना ढकलणारी धाकटी पिचकारी, जिला गॅरेजांत 'व्हील सिलिंडर' म्हणतात, तिच्या टोंकाची रबरी टोपी त्यानें स्क्रू-ड्रायव्हरनें किंचित् उचलली तेव्हां आंतून धार लागली. चोर सांपडला. पिचकारी खोलून पाहतां तिच्या आंतल्या गुळगुळीत भिंतीस गंजाचे बारीक खड्डे पडलेले दिसले. त्या खड्ड्यांवरून ये-जा करतां करतां रबरी वाटीची कड फाटली होती.

गंज आला कोठून? ह्या द्रवाचा एक मोठा दोष, किंवा स्वभाव म्हणा, असा कीं तो हवेंतलें पाणी शोषून घेतो. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथल्या हवेंतूनहि ह्यास पाणी मिळतें, हें पाहून आम्हांस त्याचा किंचित् हेवा वाटला. डबीच्या झांकणांतून, रबरी नळ्यांच्या अंगांतून ओलावा हळूहळू आंत जातो. 'डॉट ४' जातीचा कोरा द्रव निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी शिरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळला कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीस टेंकतें. घाटांत ब्रेक 'फेल' होण्याचें हें एक मोठें कारण. परंतु विजेच्या गाडींत पॅड तापतच नाहींत, म्हणून उकळण्याचें भय पुष्कळ कमी. तेथें हें मुरलेलें पाणी दुसरी खोडी करतें, तें आंतून लोखंड कुरतडतें. पॅड कोरे दिसतात म्हणून लोक समजतात कीं ब्रेकला कांहीं झालेलें नाहीं, आणि द्रव मात्र बदलल्यावांचून चार-पांच वर्षें तसाच राहतो. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनीं, किंवा त्यांच्या पुस्तकांत जी मुदत असेल त्या मुदतीनें, तो बदलावयास सांगतात. गाडी किती धांवली ह्याशीं त्याचा संबंध नाहीं. जामातांच्या गाडीचा द्रव बदलल्याची नोंद जुन्या मालकाच्या कागदांत कोठेंहि नव्हती.

उपाय सोपा होता, पण त्यांतहि दोन गोष्टी दक्षतेनें कराव्या लागतात. पहिली ही कीं, गळतें डावेंच असलें तरी उजवीकडचा सिलिंडर व दोहों बाजूंचे शू नवे घातले पाहिजेत. एका बाजूस नवे व दुसरीकडे जुने, असें ठेविलें तर दोन चाकें सारखीं धरीत नाहींत आणि गाडी जोरानें थांबवितांना एकीकडे ओढते. भिजलेले शू धुऊन, वाळवून, कानशीनें घांसून पुन्हां बसविणारे मिस्त्री आहेत. ही काटकसर नव्हे. अस्तरांत मुरलेला द्रव तापला कीं पुन्हां वर येतो.

दुसरी गोष्ट नळ्यांतील हवा काढण्याची. द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखें लागतें. ह्या कामास दोन माणसें लागतात. प्रत्येक चाकापाशीं एक बारीक निपल असतें. त्यास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतल्या द्रवांत बुडवावयाचें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल सैल करावें, बुडबुडे निघून जाऊं द्यावे, निपल घट्ट करावें, आणि मगच पहिल्यानें पाय सोडावा. आधीं पाय सोडला तर निघालेली हवा पुन्हां आंत ओढली जाते. वरची डबी कधींहि रिती होऊं देऊं नये. कोणत्या चाकापासून आरंभ करावा हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें, आणि चाकें अडकूं न देणारी जी एबीएस नांवाची पेटी, तींत हवा शिरली असेल तर संगणक जोडल्यावांचून ती निघत नाहीं. तेवढ्यापुरतें कंपनीच्या कार्यशाळेंत जाणें बरें. आमच्या येथें पेडलवर जामात बसले होते आणि "दाबा, धरा, सोडा" हा घोष तासभर चालला होता. मागच्या नळींतून प्रथम जो द्रव निघाला तो घरच्या कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. स्वच्छ फिकट द्रव येईपर्यंत चारी चाकांचा जुना द्रव काढून टाकला.

गळती प्रत्येक वेळीं चाकापाशींच सांपडेल असें नव्हे. मास्टर सिलिंडरच्या मागच्या बाजूची वाटी फाटली तर द्रव बाहेर न येतां त्याच्यामागें असलेल्या, पायाचा जोर वाढविणाऱ्या बूस्टरच्या पोटांत जातो. चारी चाकें कोरडीं, नळ्या कोरड्या, आणि तरीहि पातळी उतरते, अशा वेळीं मास्टर सिलिंडरच्या बुडाशीं, जेथें तो बूस्टरला मिळतो त्या सांध्याशीं ओलावा पाहावा, आणि पेडलच्या दांडीच्या मुळाशीं, मोटारीच्या आंतल्या बाजूस, बोट फिरवून पाहावें. ह्याच्या उलट एक प्रकार असा कीं पातळी तसूभरहि उतरत नाहीं, पण पेडलवर पाय स्थिर दाबून ठेविला तर तें हळूहळू खालीं जात राहतें. तेथें द्रव बाहेर जात नसून मास्टर सिलिंडरच्या आंतच वाटीवरून मागें सरत असतो. दोहोंची चिकित्सा एकच, नवा मास्टर सिलिंडर. पण पहिल्या प्रकारांत बूस्टरचें आंतील रबरहि तपासावें लागतें. कित्येक नव्या विजेच्या गाड्यांत हा बूस्टर स्वतःच विजेचा असतो व पायास लागणारा प्रतिकार तोच बेतून देतो. तेथें पेडलच्या स्पर्शावरून परीक्षा करण्याचा भरंवसा राहत नाहीं. अशा गाडीच्या बूस्टरला घरगुती मिस्त्र्यानें हात न लावलेला बरा.

बाटली कोणती घ्यावी ह्याविषयीं लोक फार निष्काळजी असतात. डबीच्या झांकणावर 'डॉट ३', 'डॉट ४' असा जो आंकडा छापलेला असतो तोच घ्यावा. 'डॉट ५.१' हा त्याच कुळांतला आहे, पण 'डॉट ५' हा सिलिकॉनचा, अगदींच परका. दशांशचिन्ह नजरेआड झालें तर घोटाळा होतो. फोडून ठेविलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षीं वापरूं नये, ती कपाटांत बसल्या बसल्या पाणी पीत असते. जामातांच्या डिकींत उरलेली दोन-तृतीयांश बाटली आमच्या विद्यार्थ्यानें ठेवून घेतली व काढलेल्या जुन्या द्रवासह गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपांत टाकली. तो मोरींत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतावयाचा नसतो.

काम संपल्यावर त्यानें डबीवर द्रवाच्या नेमक्या पातळीशीं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहिली, पेडल जोरानें दाबून मिनिटभर धरावयास लाविलें, सांधे पुसून कोरडे केले, आणि गाडी रात्रभर तशीच ठेवून सकाळीं पुन्हां पाहिलें. मग मंडळी नांदेडास गेलीं. ह्या वेळीं बॅटरी त्यांनीं शंभर टक्के न भरतां थोडी रिकामी ठेविली. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं गाडी सपाट जागीं, थंड असतां, कन्या झांकण उघडून पट्टी पाहते. तसेंच त्या गाडींत मोटरचा ब्रेक कमी-अधिक करण्याची सोय आहे. आठवड्यांतून एक दिवस ती तो अगदीं कमी करून ठेविते, म्हणजे पॅड व शू ह्यांना थोडें काम पडतें, डिस्कवरचा गंज घांसून निघतो, आणि पेडल कोठवर जातें हेंहि पायास कळतें. पहिल्या दोन-तीन वेळां खरखर असा आवाज येतो, तो गंजाचा असतो व लगेच थांबतो. चार महिने झाले, पातळी पट्टीच्या रेषेवर आहे. दिव्यावरून नव्हे, पट्टीवरून सांगतों, कारण दिवा लागतो तो द्रव पुष्कळ उतरल्यावर.